नववीला संस्कृत की जर्मन? डिचोलीच्या एका आईला उत्तर

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी. घरी कोकणी बोलतो, पेपर मराठी येतो. नववीला शाळेत संस्कृत किंवा जर्मन यांतलं एक निवडायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, संस्कृतला गुण पडतात, तेच घे. ती जर्मनवर अडून बसली आहे. आमच्या घरात जर्मनचा कोणालाच गंध नाही, मग अभ्यास कोण घेणार? विषयाचं नाव ‘जर्मन भाषा आणि संस्कृती’ असं आहे, त्यात नेमकं शिकवतात काय? आणि पुढे उपयोग किती?

उत्तर:

ताई, मी फोंड्याला असते. गेली 19 वर्षं नववी ते बारावीच्या मुलांना जर्मन शिकवते. आधी शाळेत, आता बहुतेक घरी. तुम्हाला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती घरात कोणाला गंध नाही ही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या घरात मराठी-कोकणी मोकळेपणाने बोलली जाते, तिथल्या मुलाला बरंचसं जर्मन व्याकरण आधीच येत असतं. फक्त ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आकडेच बघा. जर्मनमध्ये 21 ला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. आधी एकक, मग दशक. 34 म्हणजे ‘फीअर-उंट-द्राइसिश’, चार आणि तीस. इंग्रजीत मोजणारी मुलं इथे महिनाभर अडखळतात, फोन नंबर उतरवून घेताना 34 चे 43 करतात. आपण एकवीस, बावीस, चौतीस असंच मोजत आलो. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस आले की आपली पंचाईत होते, कारण जर्मन माणूस तिथेही सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतो. (हल्लीच्या मुलांना एकोणसत्तर म्हणजे किती हे आधी विचारून घ्यावं लागतं, ती रड वेगळी.)

उच्चारांचंही तसंच. इंग्रजी ‘झेड’चं अक्षर जर्मनमध्ये ‘त्स’ असं म्हणतात. हिंदी भाषक मुलांना त्यासाठी जीभ वळवावी लागते. आपल्याकडे तो चमच्यातला च आहे. आगगाडीला जर्मनमध्ये जो शब्द आहे, तो आपण ‘माझी चूक झाली’ म्हणतो त्यातल्या ‘चूक’सारखा, अगदी तस्सा उच्चारायचा. पहिल्या तासाला मी फळ्यावर आगगाडी काढते आणि मुलांना म्हणायला लावते: चूक आली, चूक गेली. पुन्हा कधी शिकवावं लागत नाही. ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ यांच्या जर्मन शब्दांच्या शेवटी जो अर्धवट स्वर येतो, तो आपल्या ‘केलं’, ‘झालं’मधला शेवटचा स्वर. म्हणून ‘बिट्टे’ आणि ‘दांके’ असं न लिहिता मी मुलांना ‘बिटं’, ‘दांकं’ असं लिहून देते. पुस्तकात असं सापडणार नाही, पण कान लगेच बरोबर ऐकतो. ‘मी’ या अर्थाच्या ‘इश’मधला शेवटचा आवाज खरं तर श नाही, ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी वाऱ्याची झुळूक निघते, तिच्या जवळचा आहे.

आता लिंग. जर्मनला तीन लिंगं आहेत आणि प्रत्येक नामापुढे ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ लावावं लागतं. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी विचारतो, टेबल पुरुष कसं असेल? आपल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. खुर्ची ती, पलंग तो, कपाट ते, हे त्याने कधी पाठ केलेलं नसतं, तरी चुकत नाही. घर, पाणी, पुस्तक, पान, अंडं हे सगळे आपल्याकडे नपुंसकलिंगी, जर्मनमध्येही नपुंसकलिंगी. लेकरू, वासरू, कोकरू तिथेही ‘दास’च. सगळेच शब्द असे जुळतील म्हणून बसू नका: सूर्य जर्मनमध्ये ‘ती’ आहे, आणि झाड ‘तो’. शब्दाचं लिंग शेवटी पाठच करायचं असतं. पण वस्तूला लिंग असतं ही गोष्ट पटवण्यात जो महिना जातो, तो आपला वाचतो.

यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पावसाळ्यात माझ्या घरच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, सहा मुलं बसली होती. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द आहे ‘मेड्शन’, आणि तो नपुंसकलिंगी. जगभरचे विद्यार्थी या शब्दावर हसतात: मुलगी आणि ‘ते’? शहरातून आलेल्या दोन मुलांनी तेच विचारलं. मी नियम सांगायला तोंड उघडणार (‘शन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो), तेवढ्यात मडकईची एक मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, ‘‘तें चेडूं.’’ सगळे गप्प. आपल्या कोकणीत लहान मुलीला, लग्न न झालेल्या पोरीला ‘तें’च म्हणतात, ‘तें आयलें’, ‘तें गेलें’. पुढची गंमत मी त्यांना मग सांगितली. कोलोन शहराच्या बोलीत बायकांच्या पहिल्या नावापुढेसुद्धा नपुंसकलिंगी शब्द लावतात, नुसती मरिया न म्हणता ‘तें मरिया’ म्हटल्यासारखं. त्या दिवशी नियम सांगायची वेळच आली नाही.

विभक्तीचं भूत इंग्रजी माध्यमाच्या मुलांना फार दिसतं. जर्मनमध्ये चारच आहेत, आपल्या हिशेबाने प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. फरक इतकाच की आपण प्रत्यय शब्दाच्या मागे जोडतो, ‘बाबांना’. ते नामापुढचा ‘देअर’ बदलून ‘देम’ करतात. शेपूट मागे न लावता पुढे लावलं, असं मी म्हणते. आणि काही वाक्यं तर अशी आहेत की मराठी येणाऱ्यानेच बोलावीत. मला थंडी वाजते, याला जर्मन ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणतात. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. सिनेमा आवडला तर ‘मला’ आवडला, झगा बसला तर ‘मला’ बसला. इंग्रजीत विचार करणारं मूल इथे ‘मी थंड आहे’ असं वाक्य करतं, आणि ऐकणारा जर्मन या थंड स्वभावाच्या मुलाकडे बघतच राहतो. ‘ओळखणे’ आणि ‘माहीत असणे’ यांना जर्मनमध्ये दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीने दोन्हींना एकाच पोत्यात घातलं आहे. आदरार्थी ‘आपण’, एकट्याला ‘तू’, अनेकांना ‘तुम्ही’ अशी तीन रूपं त्यांच्याकडे आहेत. इंग्रजीतून शिकवणारा शिक्षक त्यासाठी अख्खा तास घालवतो.

क्रियापदाचंही सांगते, कारण सगळे त्यालाच घाबरतात. ‘कारण’ या अर्थाचा ‘वाइल’ आला की पुढच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश हॉयटं फिश एसं’. शब्दाला शब्द ठेवा: कारण, मी, आज, मासे, खाते. एकही शब्द हलवावा लागला नाही. साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं आणि तिथे मराठीची मदत संपते. ‘आज खाते मी मासे’ असं ते होतं. आपल्याला ते नाट्यगीतासारखं वाटतं, पण सवय होते.

मराठी कामाला येत नाही अशा आणखी जागा आहेतच. अनेकवचनाला धड नियम नाही. ओठ ‘ऊ’चे करून तोंडात ‘ई’ म्हणायचा स्वर आहे, तो आरशासमोर उभं राहूनच येतो. आणि क्रियापदाचा तुकडा तोडून वाक्याच्या टोकाला फेकून द्यायची त्यांची एक सवय आहे, ती पचायला दहावी उजाडते.

एवढं सगळं लांबण लावण्याचं कारण असं की आपल्याकडे जर्मन शिकवलं जातं ते इंग्रजीतून. पुस्तकं परदेशी छापाची, शब्दार्थ इंग्रजीत, समजावणं इंग्रजीत. मूल मनात मराठीचं इंग्रजी करतं, मग इंग्रजीचं जर्मन, आणि वाटेत लिंग, विभक्ती, ‘आपण’ हे सगळं सांडून जातं. तुमच्या लेकीने जर्मन घेतलं तर एकच करा. तिच्या वहीत शब्दाचा अर्थ मराठीत किंवा कोकणीत लिहायला लावा. शाळेच्या वहीत चालणार नसेल तर घरी वेगळी वही ठेवा.

आता संस्कृत. तिच्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घोटून पाठ करणाऱ्या मुलाला संस्कृतमध्ये गुण मिळतात हे खरं आहे. पण शाळेच्या पातळीवर जर्मनमध्येही मिळतात, कारण दहावीपर्यंतचा आवाका लहान असतो: ओळख, कुटुंब, दिनक्रम, बाजार, प्रवास, एक पत्र, एक उतारा. गुणांच्या तराजूत दोन्ही पारडी साधारण सारखीच राहतात. शिवाय या दोन भाषा एकमेकींच्या वैरी नाहीत, लांबच्या चुलत बहिणी आहेत. ‘अस्ति’ला जर्मन ‘इस्ट’, ‘सन्ति’ला ‘झिंट’, ‘नाम’ला ‘नामं’, ‘दुहिता’ला ‘टोख्टर’. माक्स म्युलर हे देसाऊचे, 1823 चा जन्म. सायणभाष्यासह ऋग्वेदाची संपादित आवृत्ती 1849 पासून 1874 पर्यंत खंडाखंडाने काढणारा हा माणूस स्वतःला संस्कृतात ‘मोक्षमूलर’ म्हणवून घ्यायचा आणि आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. जर्मनीच्या भाषा-संस्कृती संस्थेचं काम जगभर गटे या कवीच्या नावाने चालतं, आपल्याकडे मात्र ‘मॅक्स म्युलर भवन’. पुणे-मुंबईला तुम्ही पाटी पाहिली असेल.

तरीही या दोन भाषांची मारामारी लावून देण्याची हौस आपल्याला आहे. 2014 साली केंद्रीय विद्यालयांत संस्कृतला पर्याय म्हणून चालणारं जर्मन शैक्षणिक वर्ष सुरू असताना काढलं गेलं आणि सहावी ते आठवीची मुलं मध्येच संस्कृतच्या वर्गात जाऊन बसली. त्यातली बाजू कोणाची बरोबर यात मी पडत नाही. मुलांचं अर्धं वर्ष गेलं, एवढं मात्र दिसलं.

हे मी स्वतःही भोगलं आहे. एका शाळेत मी तासिकेवर जर्मन शिकवायला जायचे. नाव घेत नाही. नववीला अकरा मुलं होती, त्यातली चार सोडून गेली. दहावीचं वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर मला सांगण्यात आलं की सात मुलांसाठी शिक्षक ठेवणं परवडत नाही. त्या सातांनी दहावीला दुसरी भाषा नव्याने उचलली. दोघांच्या आया माझ्या दारात येऊन रडल्या. मला त्यांना पाणी देण्यापलीकडे काही करता आलं नाही. म्हणून माझं सगळ्यात रोखठोक सांगणं हे: जर्मन चांगलं की वाईट हे नंतर ठरवा, आधी शाळेत जाऊन बसा आणि विचारा. हा विषय बोर्डाच्या गुणपत्रिकेत येतो की नुसता जादा छंदवर्ग आहे? शिक्षक कायम आहे की तासिकेवर? दहावीपर्यंत चालू राहील असं मुख्याध्यापक लेखी देतील का? मधे बंद पडला तर मुलांना काय देणार? केंद्रीय बोर्डाच्या विषयांच्या यादीत जर्मन आहे, पण यादीत असणं आणि तुमच्या शाळेत शिक्षक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावरच्या परदेशी भाषांत जर्मनचं नाव घेतलं आहे. त्याच धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असंही आहे. इंग्रजी धरली की उरलेली जागा भरते, त्यामुळे परदेशी भाषा जादा विषयाच्या कोपऱ्यात सरकण्याची शक्यता असते. तुमच्या शाळेत ती कुठे बसते ते नीट समजून घ्या.

तासांचा हिशेब शाळा सांगत नाहीत, मी सांगते. युरोपातल्या भाषापातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा आहेत. मॅक्स म्युलर भवनवाल्यांच्या अंदाजाप्रमाणे ए-1 ला 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात, ए-2 पर्यंत 200 ते 350, बी-1 पर्यंत 350 ते 650. शाळेत आठवड्याला चार तास धरले आणि वर्षाला 35 आठवडे, तर दोन वर्षांत 280 तास होतात, कागदावर. त्यातून चवथीची सुट्टी, परीक्षा, खेळाचे दिवस, पावसाने बंद ठेवलेली शाळा वजा करा. दोनशे-सव्वादोनशे उरतात. म्हणजे दहावी संपताना मुलगी ए-1 पक्की आणि ए-2 च्या उंबरठ्यावर. दुकानात सामान मागेल, ओळख करून देईल, साधं पत्र लिहील. जर्मनीत शिकायला जाण्याइतकी भाषा यात होत नाही. कोणी ‘दहावीपर्यंत फाडफाड’ असं सांगत असेल तर फी भरू नका. शाळकरी मुलांसाठी ए-1 आणि ए-2 च्या स्वतंत्र परीक्षा असतात, ‘फिट इन डॉइच’ नावाच्या. बोर्डाच्या गुणांपेक्षा तो कागद पुढे जास्त चालतो. केंद्र कुठे आहे ते नाव नोंदवायच्या आधी बघा, प्रवासाचा खर्च धरावा लागतो.

‘संस्कृती’ या शब्दाने बिचकू नका. पहिल्या वर्षी संस्कृती म्हणजे बहुतेक वेळा पाव. मी गंमत करत नाही. जर्मन लोक संध्याकाळचं जेवण पुष्कळदा गार जेवतात: पाव, चीज, मांसाचे काप, काकडी. त्या जेवणाला नावच आहे ‘संध्याकाळचा पाव’. हे मी सांगते तेव्हा सासष्टीची, बारदेशची मुलं डोळे मोठे करत नाहीत. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून पोय (आपला गोवेकरी पाव) घ्यायला धावलेल्या मुलाला पावावर प्रेम करणारा देश समजावून सांगावा लागत नाही. त्यांचे सकाळचे छोटे गोल पाव म्हणजे ‘ब्र्योटशन’. त्यातही तो ‘शन’, म्हणून तेही ‘तें’.

कार्निव्हालचंही तसंच. पणजीत मोमो राजाची मिरवणूक निघते, त्याच आठवड्यात कोलोनला रस्ते भरलेले असतात. दोन्हींचं मूळ एकच: ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाआधी खाऊनपिऊन घ्यायचं. आपल्याकडे शनिवारला मान, त्यांच्याकडे सोमवारला. भारतात दुसरीकडे शिकवताना शिक्षकाला यासाठी चित्रं दाखवावी लागतात. इथे मुलं उलट मला सांगतात की चित्ररथ कोणाचा चांगला होता.

शाळा हा विषय मुलांना सगळ्यात आवडतो. जर्मनीत 1 गुण म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे सगळ्यात वाईट. हे कळल्यावर प्रत्येक वर्गात कोणीतरी एक म्हणतोच, मग मी तिथे हुशार ठरलो असतो. पहिलीत जाणाऱ्या पोराला खाऊ आणि पेन्सिली भरलेला त्याच्याएवढा कागदी शंकू देतात. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानात परत केली की 25 सेंट मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. असल्या बारीकसारीक गोष्टींतून संस्कृती कळते, किल्ल्यांच्या फोटोंतून कळत नाही.

पण थोडं मोठं झाल्यावर अवघडही शिकवावं लागतं, आणि त्यासाठी गोव्याइतकी चांगली जागा नाही. दहावीच्या मुलांना मी मुरगाव बंदराचा प्रकल्प देते. दुसऱ्या महायुद्धात ‘एरनफेल्स’, ‘द्राखनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन व्यापारी जहाजं आणि एक इटालियन जहाज मुरगावला आसऱ्याला आली. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ. ‘एरनफेल्स’वरच्या छुप्या बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना बातम्या जातात असा इंग्रजांचा संशय होता. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या, वयाने बऱ्यापैकी उतरलेल्या हौशी सैनिकांनी त्या जहाजावर चाल केली, आणि खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली. मुलांचं काम सुरू होतं ते नावांपासून. ‘फेल्स’ म्हणजे खडक, ‘द्राखन’ म्हणजे पंख असलेला अजगर, ‘एरं’ म्हणजे सन्मान, ‘ब्राउन’ म्हणजे तपकिरी. ब्रेमेनच्या ज्या कंपनीची ही जहाजं होती, तिची जहाजं अशीच ‘फेल्स’वाली. जोडशब्द कसे फोडायचे हे मुलं तिथे शिकतात, आणि ‘द्राखनफेल्स’ या ऱ्हाइन नदीकाठच्या टेकडीचं नाव मुरगावच्या पाण्यात कसं बुडालं हेही. वास्कोच्या एका मुलाने पणजोबांकडून चालत आलेली आगीची आठवण घरात विचारून लिहून आणली होती, जेमतेम चार ओळी. त्याचं जर्मन चुकांनी भरलेलं होतं, मी एकही दुरुस्त केली नाही.

त्याच प्रकल्पात मग हिटलरचा विषय निघतो, निघायलाच हवा. जर्मन शाळांत तो टाळत नाहीत. त्यांच्या फुटपाथवर पितळी पत्रा मढवलेले वीतभरापेक्षाही लहान चौकोनी दगड बसवलेले असतात. या घरात अमुक माणूस राहत होता, अमुक साली त्याला नेलं, अमुक ठिकाणी मारलं. त्यांचं नाव ‘अडखळण्याचे दगड’. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने 1990 च्या दशकात हे काम सुरू केलं, आता असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला हे झेपतं का, असं पालक विचारतात. झेपतं. गप्प बसून ऐकतात.

उपयोगाचं मी थोडक्यात सांगते, कारण नववीच्या मुलीच्या डोक्यावर एवढ्यात व्हिसाचं ओझं नको. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सत्राचा किरकोळ आकार. बाडन-व्युर्टेमबेर्ग राज्याने 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लावले आहेत. पण ‘फुकट’ ऐकून हुरळू नका: व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी बंद खात्यात (दरमहा ठरावीकच काढता येतात अशा) ठेवावे लागतात, सप्टेंबर 2024 मध्ये ते 11,904 युरो झाले. आणि आपल्या नुसत्या बारावीवर सरसकट थेट प्रवेश मिळत नाही. एक वर्ष तिथल्या पूर्वतयारीच्या महाविद्यालयात, किंवा इथे पदवीचं एक वर्ष, असे रस्ते आहेत. नर्सिंगला जाणाऱ्यांना बी-2 ची भाषा लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांचे तेव्हाचे चान्सलर शोल्त्स भारतात आले, तेव्हा कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजार करण्याची घोषणा झाली. त्याच दौऱ्यात ते गोव्यात उतरले, मुरगावला त्यांच्या नौदलाची ‘बाडन-व्युर्टेमबेर्ग’ ही युद्धनौका लागली होती. मुलांनी विचारलं, फी घेणारं राज्य तेच का हे? तेच.

घरापाशीही काम आहे. वेर्णाला सीमेन्सचा कारखाना आहे, किनाऱ्यावर हॉटेलं आहेत. मांद्र्याच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची खानावळ, आहे. मुलगा जर्मन पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलतो, त्यांना ‘तू’ऐवजी ‘आपण’ म्हणतो, आणि म्हातारी जोडपी दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर येऊन बसतात. एवढ्याने नोकरी लागत नाही, पण भाषा जिवंत राहते. वडिलांनी शॅकशेजारी भेटवस्तूंचं दुकान टाकलं तेव्हा इंग्रजी पाटीवरचा ‘गिफ्ट’ शब्द त्यानेच बदलायला लावला. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. पर्यटकांना इंग्रजी कळतं, पाटी राहिली असती तरी बिघडलं नसतं. पण पोराला शब्द कायमचा पाठ झाला.

अभ्यास कोण घेणार, हे राहिलं. तुम्ही घ्या. तुम्हाला जर्मन यायची गरज नाही. रोज दहा मिनिटं तिला मोठ्याने वाचायला लावा. जर्मन जसं लिहितात तसंच बरंचसं वाचतात, इंग्रजीसारखे छुपे उच्चार फार नाहीत, ती कुठे चाचरते ते तुमच्या कानाला कळेल. शब्द तीन रंगांत लिहायला सांगा: देअर निळा, दी तांबडा, दास हिरवा. मराठी शब्द तुम्ही वाचायचा, जर्मन तिने सांगायचा, लिंगासकट. लिंग विसरली तर शब्द चुकला असं धरायचं, इथे दयामाया नको. डॉइचे वेले या त्यांच्या प्रसारणसंस्थेचे मोफत धडे आहेत, सावकाश वाचलेल्या बातम्याही आहेत. भाकऱ्या थापताना लावून ठेवा.

आणि निवड करण्यापूर्वी तिला एकदा विचारा की जर्मनच का. मैत्रीण घेतेय म्हणून, असं उत्तर आलं तर नाक मुरडू नका. दोघी मिळून बोलणाऱ्या मुली माझ्याकडे एकट्या हुशार मुलीच्या पुढे गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बाबांना खूश करायला संस्कृत घ्यावं लागलं तरी काही बुडालं नाही. ‘अस्ति-सन्ति’ शिकून अकरावीला जर्मन घेणारी मुलं भराभर पुढे सरकतात.

घेतलंच, तर एका शब्दाची तयारी ठेवा. ‘दोख’. आपण विचारतो, ‘‘जेवली नाहीस ना अजून?’’ आणि पोरगी म्हणते, ‘‘जेवले की!’’ किंवा कोकणीत, ‘‘जेवलें मगो!’’ हा जो ‘की’ आहे, नकार परतवून लावणारा, त्याला इंग्रजीत धड शब्द नाही. जर्मनमध्ये आहे, तो हा ‘दोख’. मुलांना तो पहिल्या महिन्यातच सापडतो आणि मग ती दिवसभर तोच वापरतात. तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारली आणि आतून नुसतं ‘‘दोख!’’ ऐकू आलं, तर उलट उत्तर दिलं म्हणून रागावू नका. तिचं जेवण झालेलं असेल.